कातळशिल्पांच्या नोंदीसाठी ड्रोन घ्यावा की काठीवरचा कॅमेरा?

कोकणातल्या सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, कातळशिल्पं (कातळात कोरलेली चित्रं) वरून टिपायची म्हटलं की पहिलं नाव ड्रोनचंच निघतं, आणि ते साहजिक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा कोरलेला हत्ती साधारण १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कडेला उभं राहिलं तर नुसतं रेघांचं जाळं दिसतं. शंभर फुटांवरून तोच हत्ती एका नजरेत येतो.

दुसरा पर्याय सहसा कोणी सुचवत नाही. सहा-सात मीटरपर्यंत ताणता येणारी काठी, टोकाला हलका कॅमेरा आणि हातातल्या फोनवर वायफायने दिसणारं चित्र. पावलापावलाने सरकत एकमेकांवर येणारे फोटो काढायचे, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि घरी फोटोग्रामेट्रीत, म्हणजे अनेक फोटोंवरून मोजमापासह एकच चित्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जोडायचे. मी दोन्ही वापरलंय.

नियमांचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ला पायलटचा परवाना लागत नाही. पण रत्नागिरीजवळ तटरक्षक दलाची धावपट्टी आहे, तेव्हा उडवण्याआधी सरकारी नकाशावर झोन बघाच.

खरा प्रश्न उजेडाचा. जांभ्यातली रेघ म्हणजे उथळ खाच. ऊन डोक्यावर आलं की ती कातळात मिसळून जाते. सकाळी उगवतीला नाहीतर संध्याकाळी उतरत्या तिरप्या उन्हात खाचेची एक कड काळी पडते आणि शेपटीचं टोकसुद्धा वाचता येतं. काठीवाल्याला इथे एक अडचण असते ती स्वतःच्या सावलीची. सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि काठी पुढे झुकवायची. सावली पाठीमागे पडते, चौकट मोकळी राहते. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की मात्र काठी डुलते. तिथे ड्रोन बरा.

माझा कौल फिरला तो मात्र वेगळ्याच कटकटीने. ड्रोन घोंघावायला लागला की गावातून माणसं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: “कंपनीचा सर्व्हे काय?” त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये बारसूला रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकऱ्यांचा विरोध आणि पोलिसांचा बंदोबस्त सगळ्यांनी पाहिलाय. आणि त्याच बारसूच्या सड्यावर कातळशिल्पंही आहेत. मग ड्रोन खाली घ्यायचा, फोटो दाखवायचे, कुठून आलात, कोणी पाठवलं याची उत्तरं द्यायची. तोवर तिरपा उजेड गेलेला असतो. पुन्हा दुसऱ्या दिवशी या.

काठीचं उलट होतं. सड्यावर लांबलचक काठी घेऊन हळूहळू सरकणारा माणूस लोकांना थोडा वेडा वाटतो, पण धोक्याचा वाटत नाही. एका आजोबांनी आपणहून मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं, खराट्याने खाचेतली माती झाडून दिली आणि वर म्हणाले, “हे काहीच नाही, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पलीकडे याहून मोठं आहे.” होतंही.

म्हणून शोध आणि नोंद या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात असं मला वाटतं. इंग्लंडात १९२५ मध्ये विमानातून वुडहेंज (लाकडी खांबांची प्राचीन वर्तुळाकार रचना) सापडलं, कारण बुजलेल्या खड्ड्यांवरचं पीक वेगळं वाढतं आणि वरून तो फरक दिसतो. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडात न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याजवळ ड्रोनने असंच एक वर्तुळ दाखवलं. आपल्या सड्यावर त्या जादूला फारसा वाव नाही. शेतातली खोल माती इथे नाही, पातळ थर आणि गवताखाली सरळ कातळच. उपग्रहाच्या फुकट चित्रांतही काही सेंटीमीटरची रेघ उमटत नाही. तिथे जुन्या तारखांची चित्रं लावून चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) शिल्पाच्या किती जवळ सरकली ते मात्र छान कळतं. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सहकाऱ्यांनी जे शोधलं, त्यामागे पायपीट आहे आणि गावकऱ्यांना, गुराख्यांना विचारणं आहे. ज्या साधनामुळे माणसं बोलती होतात, तेच इथे शोधाचंही साधन ठरतं.

ड्रोनला एक मान द्यायलाच हवा. एकाच सड्यावर विखुरलेल्या अनेक आकृत्या, त्यांच्यातली अंतरं, पायवाटा, खाणी हे सगळं एका नकाशावर आणायचं असेल तर काठीने जन्म जाईल. त्यासाठी ओळखीतला परवानाधारक ड्रोनवाला एखाद्या सकाळपुरता बोलवा आणि आदल्या दिवशी पोलीस पाटलांना सांगून ठेवा.

स्वतःचे पैसे घालायचे असतील तर मी काठीत घालीन. घेताना पूर्ण ताणून, टोकाला कॅमेऱ्याइतकं वजन लावून दुकानाबाहेर उभी करून बघा. वरचा जोड गरगर फिरत असेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.