सीएमयू की युनिसिन?

इंग्रजी मजकूर यंत्राकडून वाचून घ्यायचा तर उच्चारकोश हवाच. नुसत्या स्पेलिंगवर भरवसा ठेवून चालत नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा सीएमयू कोश मोफत मिळतो: सव्वा लाखाहून जास्त शब्द, 39 ध्वनी, आघातासाठी, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर किती जोर द्यायचा त्यासाठी, 0, 1, 2 हे आकडे. उच्चार मात्र अमेरिकी. शिवाय ‘रेकॉर्ड’ नाम आहे की क्रियापद, यावर त्याचा उच्चार बदलतो, पण हे तो कोश सांगत नाही; पर्यायी उच्चार देऊन निवड आपल्या गळ्यात मारतो.

एडिंबरा विद्यापीठाचा युनिसिन कोश शब्दाची जातही नोंदवतो. पण त्याची खरी करामत वेगळीच: एकाच सांकेतिक नोंदीतून नियम लावून स्कॉटिश, अमेरिकी, ब्रिटिश उच्चार काढता येतात. ‘बाथ’मधला स्वर लंडनला लांबतो, लीड्सला आखूडच राहतो, तेही त्यात सांभाळलं जातं. प्रयोगापुरतं मी तरी सीएमयूच घेईन; युनिसिनचे नियम लावत बसायला सवड कुणाला आहे?