सोया चंक्स: पाकीट पुरुषी, माल तोच

मांस पुरुषाचं, भाजीपाला बाईचा, ही समजूत सोया चंक्स विकणाऱ्यांनीही उचललीय. पाकिटावर पिळदार दंड, नाहीतर कंबर मोजणारी मुलगी. आत तेल काढलेलं सोयापीठच. कोरड्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५० ग्रॅम प्रथिनं. ‘खास पुरुषांसाठी’ लिहिलेलं दिसलं तर मागचा तक्ता वाचा. फरक बहुधा रंगाचाच निघेल.

सोयाने मर्दपणा घटतो ही भीती फोल आहे. अनेक चाचण्यांचे निकाल २०१० आणि २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे पुरुषी संप्रेरकात, लक्षणीय फरक आढळला नाही.

‘मांसाची सर येत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा पाणी असतं. चंक्स मिठाच्या उकळत्या पाण्यात ८-१० मिनिटं ठेवा, ते पाणी फेका, मग गार पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळा. दाबलेला तुकडा पुन्हा फुगला पाहिजे. पाणी आत राहिलं की मसाला शिरत नाही, तुकडे परतण्याऐवजी वाफवले जातात आणि तो उग्र वासही जात नाही. मोठ्या चंक्सपेक्षा बारीक दाणे बरे. सोयात बी-१२ हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या नसतं. मांस, अंडी, दूध सगळंच सोडलं असेल तर ते वेगळं घ्यावं लागतं, बाई असो वा पुरुष.