लग्नाचा बस्ता कुठे बांधायचा? घासाघिशीच्या अंगाने तीन बाजारांची तुलना

तुळशीचं लग्न लागलं की लग्नघरात पहिला वाद बस्त्यावरून होतो. एक पार्टी म्हणते, पुण्याच्या लक्ष्मी रोडला जाऊ, एकच भाव, डोक्याला ताप नाही. दुसरी म्हणते, हिंदमाताला चला, बरेच पैसे वाचतील. नवरीच्या पैठणीचा विषय निघाला की कोणीतरी थेट येवल्याचं नाव काढतं. साड्या तिन्हीकडे मिळतात, पण भाव ठरण्याची रीत तिन्हीकडे वेगळी आहे. म्हणून माझं स्पष्ट मत असं की सगळा बस्ता एका जागी बांधूच नये. आधी यादी करा, मग यादीतली कुठली ओळ कुठल्या बाजारात न्यायची ते ठरवा.

मानपानाच्या साड्या: कापड मार्केट

दादरचं हिंदमाता, पुण्याची रविवार पेठ, नाहीतर तुमच्या जिल्ह्याच्या गावातलं कापड मार्केट. इथे घासाघीस अपेक्षितच असते, सांगितलेल्या भावात तिची जागा आधीच धरलेली असते. पण ‘काका, कमी करा ना’ एवढ्याने फारसं सुटत नाही. इथे चालतो तो आकडा.

समजा, आहेराच्या 40 साड्या हव्यात आणि दुकानदाराने एकीचे 650 सांगितले. एका साडीवर हुज्जत घालू नका. आधी दोन-तीन दुकानांत तोच माल हाताळून भावाचा अंदाज घ्या, मग एका ठिकाणी बसा आणि पूर्ण आकडा समोर ठेवा. बोलणं साधारण असं होतं:

‘काका, चाळीस घ्यायच्यात. सगळ्या इथूनच. शेवटचं काय लावाल?’

‘चाळीस म्हणताय तर सहाशे लावतो.’

‘पाचशेने जमवा. फॉल-पिको आमचं आम्ही बघतो.’

‘ताई, पाचशेला माझीच खरेदी नाही. साडेपाचशे, त्याखाली जमणार नाही.’

शंभर रुपये सुटले, म्हणजे 40 साड्यांवर 4,000. यापुढे ताणून उपयोग नाही. आता रंगांची गोष्ट काढा. एका डिझाइनच्या साड्या सहा किंवा आठ रंगांच्या सेटमध्ये येतात. तुम्ही चांगले दोन रंग निवडून उरलेला सेट फोडलात तर उरलेले रंग दुकानदाराच्या गळ्यात पडतात, म्हणून तो भाव धरून ठेवतो. पूर्ण सेट उचलायची तयारी दाखवली की तोच माणूस आणखी खाली येतो. मानपानात सगळे रंग खपतातच.

बोलणं गल्ल्यावर बसलेल्या मालकाशी करा. साड्या दाखवणाऱ्या मुलाच्या हातात भाव नसतो, त्याला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. आणि भाव ठरल्यावर साड्या तुमच्यासमोर मोजून बांधून घ्या. फार पाडून घेतलेल्या भावात कधी कधी माल बदलतो. दोन-तीन घड्या उलगडून लांबी बघा: साडी साडेपाच मीटर आणि ब्लाऊजपीस धरून सव्वासहाच्या आसपास भरायला हवी.

‘बिल नको असेल तर जीएसटी सोडतो’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं. साडीवर जीएसटी 5 टक्के आहे. या 5 टक्क्यांसाठी बिल सोडू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पण हातात बिलच नसेल तर डागी साडी कुठल्या तोंडाने परत नेणार? दुकानदार अडून बसला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथेही पहिल्यांदा बिलच विचारतात.

सासू, नणंद, विहीणबाई: एकच भावाची दुकानं

लक्ष्मी रोडची किंवा दादर पश्चिमेची मोठी दुकानं यात येतात. चिठ्ठीवरचा भाव हलत नाही, मग तो हलवायला जाऊ नका. त्याऐवजी बदलून देण्याची मुदत वाढवून मागा, फॉल-पिको आणि ब्लाऊजची शिलाई वेळेवर करून मागा, खरेदी मोठी असेल तर दोन ब्लाऊजपीस वर मागा. यातलं बरंचसं मिळतं. विहीणबाईंना रंग आवडला नाही तर साडी बदलून मिळणं हे दोन-तीनशे रुपये सुटण्यापेक्षा मोलाचं आहे, म्हणून रुसव्याफुगव्याची शक्यता असलेल्या साड्या इथूनच घ्याव्यात. लग्न हिवाळ्यात असेल आणि आधीच ठरलं असेल तर आषाढातले सेल गाठा. एकच भाववाले स्वतःहून भाव उतरवतात ती हीच वेळ.

नवरीची पैठणी: येवला

येवल्यात नवखी माणसं हिंदमाताची सवय घेऊन जातात. चाळीस हजार सांगितले की पंचवीसला मागतात. हे करू नये, आणि ते केवळ वाईट दिसतं म्हणून म्हणत नाही.

हातमागावरच्या पैठणीच्या किमतीत रेशीम आणि जरीचा धागा यांचा भाव विणकराच्या हातात नसतो. उरते ती मजुरी. काठ आणि पदरावरचा मोर, मुनिया, कमळ एकेका रंगाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवून भरतात. साध्या पदराच्या साडीला काही आठवडे जातात, भरगच्च पदर असेल तर कित्येक महिने, आणि कामाला बहुतेक वेळा घरातलीच माणसं बसलेली असतात. तुम्ही जे पाडून मागता ते थेट त्यांच्या दिवसांच्या मजुरीतून जातं. मला हे मनापासून वाटतं की मुलीच्या लग्नात दुसऱ्याच्या घरची मजुरी कापू नये.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. भाव खूपच सहज खाली आला तर समोरची साडी हातमागाची नसण्याची शक्यता धरा. यंत्रमागावरच्या सेमी-पैठण्या बाजारात भरपूर आहेत. त्या वाईट नाहीत, मानपानाला छान दिसतात, पण हातमागाच्या भावाने घेऊ नयेत. पदर उलटा करून बघा. पारंपरिक विणीत मोर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. मागे सुटे, कापलेले धागे दिसले तर तो मोर हाताने भरलेला नाही. ‘सिल्क मार्क’चं लेबल रेशीम अस्सल असल्याचं सांगतं, साडी हातमागाची आहे हे सांगत नाही. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा असतो. दोन्ही विचारा.

येवल्यात वाटाघाट करायची तर ती मजुरी सोडून करा. बजेट आधी मोकळेपणाने सांगा आणि त्यात काय बसतं ते विचारा: पदर थोडा हलका, काठ अरुंद, किंवा दोन रंगांऐवजी एक. मागावर असलेली साडी आगाऊ रक्कम देऊन धरली तर विणकरालाही सोयीचं होतं आणि तो आपणहून थोडं सांभाळून घेतो. तयार साडीपेक्षा हा व्यवहार मला दोघांच्याही फायद्याचा वाटतो, फक्त लग्नाच्या चार-पाच महिने आधी जायला हवं. शिर्डीला जाणं होणार असेल तर तिथून येवला जवळच आहे.

कुठेही जा, माणसं कमी न्या. नवरी आणि भाव बोलणारं एक माणूस पुरे. ‘अगं, हीच घे, किती खुलून दिसतेय!’ असं कोणी दुकानदारासमोर बोललं की तिथून पुढे एक रुपया कमी होत नाही. पसंतीची खूण घरीच ठरवून ठेवा.

आणि हाताशी एकच दिवस असेल, तर तो मानपानाच्या साड्यांना द्या. संख्या तिथे आहे, म्हणून वाचणारे पैसेही तिथेच आहेत. शनिवार-रविवार टाळून आठवड्यातल्या एखाद्या सकाळी दुकान उघडता उघडता पोचा. भवानी व्हायची असते, मालक निवांत असतो, आणि पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ देणं त्याच्या जिवावर येतं.