आठ बाय बेचाळीसची दुर्बीण: परीक्षा पिवळ्या गळ्याच्या चिमणीची

दुकानात दुर्बीण हातात दिली की समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला सांगतात. पाटी काय, कुठल्याही दुर्बिणीतून वाचता येते. माझी कसोटी म्हणजे रानातली पिवळ्या गळ्याची चिमणी. अंगानं घरच्या चिमणीएवढीच, मातकट, पाठीवर रेघोट्या नाहीत, चोच जरा सडपातळ. नराच्या गळ्यावर हळदीचं बोट टेकवल्यासारखा ठिपका, खांद्यावर तांबूस डाग आणि पंखावर पांढरी रेघ. मादीचा पिवळा इतका फिका की नसल्यात जमा. १९०८ साली लहानग्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली ती हीच. हातात पक्षी असूनही ओळखायला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत तिथले सचिव मिलर्डसाहेब यांच्याकडे न्यावी लागली. आपल्याला तर ती झाडाच्या शेंड्यावर, उलट्या उजेडात ओळखायची असते!

मुंबईतल्या आरेच्या गवताळ उतारावर भल्या पहाटे माझ्या जुन्या दहा बाय पंचवीसमधून (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये) हा ठिपका करडाच दिसायचा. कारण सरळ आहे. भिंगाची रुंदी भागिले पट, की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी कळते; झोत जाड तितकं अंधुक उजेडात उजळ दिसतं. जुनीत अडीच मिलिमीटर, या नव्या आठ बाय बेचाळीसमध्ये सव्वापाच. आमचे हे म्हणाले, "दहापट सोडून आठपट कशाला घेतेस?" दहापटीत हाताचा थरथराटही दहापट होतो, आणि माझी साठी उलटलीय.

पळस फुलला की या चिमण्या मध प्यायला येतात. तोंडाला परागकण माखले की साधी घरचिमणीही पिवळ्या गळ्याची वाटते. तिथे खांदा बघावा लागतो. एके दिवशी या नव्या दुर्बिणीतून बघताना नर फांदीवर आडवा बसला आणि तांबूस डाग, खालची पांढरी रेघ, दोन्ही स्वच्छ सुटे दिसले. रंगांच्या कडेला जांभळी झालर नाही. या किमतीत (नऊ हजारांच्या आत) मला हे पुरेसं वाटतं.

चष्मेवाल्यांनी आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कडी) पूर्ण आत फिरवून ठेवावेत, नाहीतर नळीतून बघितल्यासारखं इवलंसं वर्तुळ दिसतं. फोकसचं चाक थोडं जड आहे. उडत्या भिंगरी पक्ष्यांच्या मागे लागणाऱ्यांना ते नडेल, मला नाही.

मुंबईत खरी भीती भिंगांवर चढणाऱ्या बुरशीची. आतून नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारीच घ्या, आणि जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आमच्याकडे तो दिवाळीच्या शंकरपाळ्यांचा डबा आहे, त्यावरून घरात अजून वाद चालू आहे.

गळपट्टा मात्र अगदीच टाकाऊ. तासाभरात मान कापते. दुकानातच रुंद पट्टा मागून घ्या, घासाघीस केलीत तर फुकट देतात.