हवाईतली उघड्या गाडीची जंगलसफर: तीन फेऱ्या आणि एक सोलापुरी चादर

परत येऊन आठ महिने झाले. चादर तेवढ्याच वेळा धुऊन झाली असेल, डाग तसाच आहे. आमच्या कामाच्या मावशींनी लिंबू लावून पाहिलं, सोडा लावून पाहिला, उन्हात टाकून पाहिली आणि शेवटी ‘ताई, हा डाग नव्हं, रंगच हाय’ म्हणून नाद सोडला. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या चिखलाचा डाग आहे तो. तिथल्या उघड्या गाडीच्या जंगलसफरीबद्दल मला सोसायटीत, तळजाईवर फिरताना आणि एकदा तर चक्क मुंजीच्या पंगतीत विचारून झालंय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

लेक-जावई त्याच बेटावर, होनोलुलूत असतात. नातू झाला म्हणून आम्ही दोघं नोव्हेंबरमध्ये गेलो ते मार्चमध्ये परत आलो. पुण्यात राहणाऱ्याच्या नशिबी जसं पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवणं येतं, तसं तिथे राहणाऱ्याच्या नशिबी हे ‘ज्युरासिक पार्क’सारखे सिनेमे चित्रित झालेलं खोरं येतं. आधी व्याही आणि विहीणबाई आल्या. मग कॅलिफोर्नियातून माझा भाचा आला. फेब्रुवारीत लेकीची रजा शिल्लक होती म्हणून शेवटी ती निघाली. प्रत्येक वेळी सोबतीला मी. एका फेरीवर भारावून लिहिलेलं पुष्कळ सापडतं, पुन्हा त्याच धक्क्यांवर बसल्यावर काय उरतं ते सापडत नाही.

जागेचं नाव कुआलोआ रँच, म्हणजे गुरांचं मोठं खासगी कुरण. होनोलुलूतला वायकिकीचा किनारा सोडून कोओलाउ डोंगर ओलांडला आणि बेटाच्या पूर्वेकडे उतरलं की चाळीस किलोमीटरच्या आत लागतं. साधारण ४,००० एकरांचा पसारा आहे. गेरिट जड या मिशनरी डॉक्टरने १८५० मध्ये हवाईचा राजा तिसरा कामेहामेहा याच्याकडून इथे जमीन घेतली, आणि आजही रँच त्याच घराण्याकडे आहे. रस्त्यालगत जुन्या साखर कारखान्याचं पडकं धुराडं उभं आहे, तो त्यांचाच, फार वर्षं चालला नाही. आत दोन खोरी. काआआवाचं खोरं रुंद, गवताळ, दोन्हीकडे उभे कडे. सिनेमात दिसतं ते हे. हाकिपुउचं खोरं दाट झाडीचं, ओलं. नाव का-आ-आ-वा असं तोडून म्हणायचं असतं. विहीणबाई शेवटपर्यंत ‘कावा’च म्हणाल्या आणि कुणाचं काही अडलं नाही.

तिथला पाऊस पुणेकराला वेगळा शिकवावा लागत नाही. समुद्रावरचा वारा डोंगराला अडतो, अलीकडे धो धो आणि पलीकडे कोरडं. ताम्हिणी भिजत असतं आणि पुण्यात आपण छत्री उगाच वागवत असतो, तोच प्रकार. तिथे वारा ईशान्येचा, म्हणून ओली बाजू पूर्वेची, एवढाच फरक. हे सगळं ह्यांनी, म्हणजे भूगोल शिकवण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाने, मला गाडीत समजावून सांगितलं. आणि तरीही दुसऱ्या फेरीला होनोलुलूत ऊन आहे म्हणून आम्ही रेनकोट घरी ठेवून निघालो.

पहिली फेरी व्याह्यांबरोबर, सिनेमावाल्या बसने. जुन्या शाळेच्या बससारखी बस, दीड तास, काआआवाच्या खोऱ्यातून. जिथे जे चित्रित झालं तिथे त्या सिनेमाच्या नावाचा फलक. गॉडझिलाच्या पायाचा ठसा आहे, कॉंगचा सिनेमा इथला, ‘लॉस्ट’ मालिका इथली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने ही जमीन ताब्यात घेतली होती, तेव्हाचा डोंगराच्या पोटातला बंकरही दाखवतात. चालक बोलका होता. तो विनोद करायचा, बस हसायची, मग जावई तो मराठीत सांगायचे आणि आमचे चौघे पुढच्या वळणावर हसायचे.

मी यातले बहुतेक सिनेमे पाहिले नव्हते. दोष माझाच. पण जायच्या आधी निदान एक तरी बघून जा, नाहीतर तुम्ही दीड तास फलक वाचता.

एक अपवाद, ते खोड. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये शहामृगासारख्या डायनोसॉरचा कळप धावत येतो आणि शास्त्रज्ञ दोन मुलांना घेऊन आडव्या खोडामागे दडतो, ते इथलं. सिनेमाचं काम काउआई बेटावर चाललं होतं. ११ सप्टेंबर १९९२ ला तिथे इनिकी चक्रीवादळ आदळलं, आणि हा प्रसंग मग ओआहूवर घेतला गेला. खोडामागे वाकून, घाबरलेलं तोंड करून फोटो काढायचा रिवाज आहे. आमचे व्याही पोराच्या लग्नातसुद्धा फोटोला हसले नव्हते. त्यांनी तिथे डोळे असे काही विस्फारले, की तो फोटो आजही विहीणबाईंच्या व्हॉट्सअॅपला लावलेला आहे.

ह्यांना मात्र राहवेना. उतरताना चालकाला म्हणाले, तुमच्या बेटावर डायनोसॉर कधी आलेच नाहीत. बरोबर आहे म्हणा. ओआहू समुद्रातून वर येऊन फार तर तीस-चाळीस लाख वर्षं झाली. डायनोसॉर संपले ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा ओतला जात होता तो त्याच सुमारास. म्हणजे तो कळप खरा कुणी पाहिला असेल तर पर्वतीखालच्या दगडाच्या आज्या-पणज्यांनी. विदर्भात पिसदुऱ्याला त्यांची खरी हाडं सापडलेली आहेत. आणि आपण साठ डॉलर देऊन खोट्या कळपाच्या खोट्या पळापळीची जागा बघतोय. चालक हसला आणि म्हणाला, कडा बघा, तो तरी खरा आहे. तेवढ्यावर हे गप्प झाले. घरात माझ्याकडून हे कधी जमलेलं नाही.

कडा खरंच बघण्यासारखा. उभ्या पन्हाळी पडलेल्या, हिरवी चुणीदार साडी वाळत टाकावी तसा. तिकडे कड्याला ‘पाली’ म्हणतात. मला बल्लाळेश्वर आठवला आणि दिवसभर तोच आठवत राहिला. आणि किनाऱ्यासमोर पाण्यात टोपीसारखं एक छोटं बेट आहे, मोकोलिई, म्हणजे ‘छोटा सरडा’. ज्वालामुखीची देवी पेले हिच्या बहिणीने, हिइआकाने, एका अजस्र सरड्याला मारलं आणि त्याची शेपटी समुद्रात फेकली, तीच हे बेट, अशी तिथली कथा. म्हणजे अजस्र सरपटणारा प्राणी या खोऱ्यात सिनेमावाल्यांच्या कितीतरी आधी येऊन मेलेला होता. पूर्वी इथून जाणारी होडकी मान म्हणून शिडं उतरवायची.

दुसरी फेरी भाच्याबरोबर, आणि लिहायचं आहे ते खरं हिच्याबद्दल. उघडी गाडी, सहा चाकांची, लष्करी धाटणीची. वर छत, बाजू मोकळ्या, बसायला बाक. हाकिपुउच्या झाडीतून वर चढते. ही पण दीड तासाचीच.

गाडी पहिल्या ओहोळात उतरली तेव्हा मला वाटलं, आपण पीएमटीच्या शेवटच्या बाकावर बसून कॉलेज केलेली माणसं, आपल्याला काय होतंय. तसं नसतं. आपल्या स्पीडब्रेकरचा धक्का आधी दिसतो, आपण दात आवळून घेतो. इथे पुढचं झाडीत दडलेलं असतं. गाडी आधी नाक खाली घालते, मग डावा खांदा पाडते, तुम्ही शेजाऱ्याच्या अंगावर जाता, सावरून बसेपर्यंत मागचं चाक दगडावर चढतं आणि तुम्ही बाकावरून चार बोटं वर. तिथून खाली येता ते थेट माकडहाडावर. तेवढ्यात पाऊस आला. सरीसारखा नाही, बाजूने, वाऱ्याबरोबर. छताचा काही उपयोग नाही. चष्म्यावर पाणी, नाकात ओल्या पाल्याचा वास, तो थेट जूनअखेरच्या मुळशीचा, आणि भाचा एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून ‘मावशी, इकडे बघ’ म्हणतोय. मोबाइल त्याच्या हातातून निसटला तो माझ्या चपलेवर पडून वाचला, नाहीतर ओहोळात होता. त्या व्हिडिओत माझा फक्त आवाज आहे आणि तो पुन्हा ऐकवण्यासारखा नाही.

वर एका उघड्या टेकाडावर गाडी थांबली तेव्हा ढग फाटला होता आणि खाली समुद्र तीन रंगांचा, मधे ती सरड्याची शेपटी. मी चिंब, पाठ दुखतेय आणि दात वाजताहेत. भाच्याने विचारलं, मावशी, परत जाऊया का? मी म्हटलं, गप बस जरा.

पाठ नऊ दिवस दुखली. बुकिंग करतानाच पाठीच्या त्रासाबद्दल वाचायला मिळतं, मी ते ‘म्हाताऱ्यांसाठी असेल’ म्हणून सोडून दिलं होतं. माझं वय बासष्ट.

तिसरी फेरी लेकीबरोबर, पुन्हा त्याच उघड्या गाडीची, म्हणून सोलापुरी चादर नेली. लेक म्हणाली, आई, लोक बघतील. बघू देत. चौघडी घालून बाकावर टाकली की माकडहाडाचा प्रश्न नव्वद टक्के मिटतो. हवेची उशी नको, ती नेमकी उसळवते. सगळ्यात मागची जागा टाळा, मधली धरा. पायात मागून बंद असलेलं काहीतरी घाला. टोपीला नाडी हवी. विहीणबाईंची आलेपाकाची वडी मळमळीवर उत्तम, आणि ती चालकालाही आवडली. आदल्या रात्री पाऊस झाला होता, त्या दिवशी आकाश निळं होतं आणि वाट ओली. पुढच्या चाकाने उडवलेला तांबडा चिखल बाजूने आत आला आणि चादरीच्या अर्ध्या निळ्या पट्ट्यांवर बसला. महाबळेश्वरला पांढरं काही घालून जाऊ नये हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, मातीतलं लोह तेच. तिकडे तर त्या मातीत रंगवलेले टी-शर्ट विकत मिळतात, मला तो रंग फुकट मिळाला.

या फेरीत मी एकही फलक वाचला नाही, आणि तेव्हा बाकीचं दिसायला लागलं. वाटेवर साळुंक्या, अगदी आपल्या. एकोणिसाव्या शतकात मुद्दाम भारतातून नेल्या होत्या. सुबाभूळ, आपल्या टेकड्यांवर जी माजलीय तीच, तिकडेही माजलेली. रस्ता ओलांडणारं मुंगूस दिसलं म्हणून मी हरखले, तर लेक म्हणाली, आई, इथे याला शिव्या देतात. उसातले उंदीर मारायला १८८३ मध्ये जमैकाहून आणलं होतं. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा. मग त्याने पक्ष्यांची अंडी खाल्ली.

म्हणून आता कुणी विचारलं, की एकच करायची तर कुठली, तर मी उघडी गाडी सांगते. सिनेमाची बस सगळे सुचवतात आणि ज्यांच्या घरात डायनोसॉरवेडा नातू आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, पण ती एकदाची आहे. खोड एकदाच बघायचं असतं. ओहोळ मात्र दोन्ही वेळा वेगळा होता. अर्थात गुडघे, पाठ, गरोदरपण यातलं काही असेल तर बसच, आणि त्यात कमीपणा नाही. पैसे हिशेबात धरा. आम्ही गेलो तेव्हा दोन्हीला माणशी पन्नास-साठ डॉलर पडले, शिवाय तिथपर्यंतची गाडी. पाहुणा आला की ‘मी देतो’, ‘नको, मी देतो’ यात जावयांचे किती गेले ते आम्ही विचारलेलं नाही.

एक सावधगिरी. आमच्या सोसायटीतल्या एका जोडप्याला पुण्यातल्या एका टूरवाल्याने ‘ज्युरासिक व्हॅली समाविष्ट’ म्हणून सहल विकली. प्रत्यक्षात हमरस्त्यावर बस दहा मिनिटं थांबवून लांबून डोंगर दाखवला. आत जाण्याचं तिकीट वेगळं असतं. ते आहे का, कुठल्या गाडीचं आहे, हे कागदावर लिहून घ्या.

इथे आल्यावर श्रावणात ताम्हिणीला गेलो होतो. एका वळणावर ह्यांनी गाडी थांबवली, कड्यावरून सात-आठ धबधबे पडत होते. म्हणाले, बघ, काआआवा. मी म्हटलं, याला फलक लावा आणि डॉलर घ्या. शेजारी कणसवाला होता, त्याने विचारलं, काय आवा? त्याला पाच मिनिटं भूगोल ऐकावा लागला. बिचाऱ्याचं एक कणीस करपलं, ते आम्हीच विकत घेतलं.

विहीणबाई जानेवारीत पुन्हा निघाल्यात, यंदा उघड्या गाडीत बसणार म्हणतात. परवा फोन आला होता. ती डागवाली चादर द्या, नवी कशाला खराब करायची, म्हणाल्या. धुऊन, घडी करून ठेवली आहे.