दोन औषधांची एक बाटली: जुलै ते डिसेंबर

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यात आमचं साडेसहा एकर वावर. यंदा अडीच एकरात सोयाबीन, बाकीच्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तिच्यात तुरीच्या ओळी. थायमेथोक्झाम 12.6 टक्के आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रीन 9.5 टक्के या दोन कीटकनाशकांचं द्रवरूप (झेडसी) तयार मिश्रण जुलैपासून चार वेळा मारलं. पहिल्या फवारणीत पैसे वसूल झाले, दुसरी बरी, तिसरी वाया गेली आणि चौथी करायलाच नको होती. औषध चारही वेळा तेच, एकाच कंपनीचं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सोयाबीन महिनाभराचं असताना मधूनच एखाद्या झाडाचा शेंडा मान टाकताना दिसायला लागला. देठ हातात घेऊन पाहिलं तर थोड्या अंतरावर दोन गोल खापा. चक्रीभुंगा. दोन-चार खोडं उभी चिरली तर आत लालसर पोखरण, म्हणजे खोडमाशीही होतीच. या दोघांसाठी ही जोडी खरंच कामाची आहे. लॅम्बडा अंगाला लागताच किडीला लोळवतं, थायमेथोक्झाम झाडाच्या रसात उतरतं. दुसऱ्या दिवशी भुंगे सरींमध्ये पडलेले दिसले आणि पुढच्या आठवड्यात नवीन खापा जवळजवळ नव्हत्याच. ज्या झाडांना आधीच खाप पडली होती ती अर्थातच वाळली, ती कशानंही परत येत नाहीत.

मोजमापाचा घोळ मात्र आधी निस्तरावा लागला. सोयाबीनला हेक्टरी 125 मिली, म्हणजे एकरी 50 मिली, 200 लिटर पाण्यात. दहा लिटरला अडीच मिली, पंधरा लिटरच्या पंपाला पावणेचार. आता पावणेचार मिली झाकणानं कोण मोजणार? आमचा गडी एक झाकण भरून ओततो आणि वर थोडं 'चुल्लूभर' देवाच्या नावानं. मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज आणली, तिच्यावर लाल रंगानं खूण केली आणि तीच वापरली. दुसरी गोष्ट, एकरी 200 लिटर म्हणजे तेरा-चौदा पंप होतात. आमच्याकडे आठ-नऊ पंपांत एकर उरकतात, मग औषध कमी पडलं म्हणून बोंब. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं गणित आणखी वेगळं, त्याला पाणी कमी लागतं म्हणून लिटरमागे औषध वाढतं. हे मजुराला सांगितलं नाही तर दोन्हीकडून चुकतं. बाटली हलवणंही विसरू नका. लॅम्बडा यात बारीक कुप्यांत भरलेलं असतं, थायमेथोक्झाम द्रवात तरंगत असतं, आणि काही दिवस बाटली उभी राहिली की सगळं तळाला बसतं.

दुसरी फवारणी ऑगस्टच्या शेवटी, उंट अळीवर. बारक्या अळ्या मेल्या, बोटभर झालेल्या दोन दिवसांनी पुन्हा पानं कातरत होत्या. वर झड लागली, तीन दिवस ऊन दिसलं नाही, त्यामुळे दोष औषधाचा किती आणि पावसाचा किती हे ठरवणं अवघड. दहापैकी सहा गुण देतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं इडापिडा गावाबाहेर नेणारा मारबतीचा पुतळा घेऊन 'घेऊन जा गे मारबत' ओरडत गावभर फिरतात. त्यात बाबा दरवर्षी हळूच तुडतुडेही जोडतात. यंदा मारबत काही त्यांना घेऊन गेली नाही. पऱ्हाटीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून लाल व्हायला लागल्या, पान उलटलं की तिरपे पळणारे तुडतुडे. पानामागे दोन-तीन पिल्लं दिसली की फवारायचं ही मर्यादा त्यांनी कधीच ओलांडली होती. घरात बाटली होतीच, मारली. आठ दिवसांनी मोजले तर फार फरक नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. बीटी बियाणं येतं तेच इमिडाक्लोप्रिड लावून, आणि थायमेथोक्झाम त्याचंच भावंड, एकाच गटातलं. सुरुवातीला तेच, मग पुन्हा तेच, आणि शेजारच्या सगळ्या वावरांतही तेच. तुडतुड्यांना त्याची सवय होणारच. इथे चूक माझी, बाटलीवरचं नाव बदललं की औषध बदललं असं मी धरून चाललो होतो.

चौथ्या फवारणीची गोष्ट कृषी केंद्रापासून सुरू होते. ऑक्टोबरात पऱ्हाटीत डोमकळ्या, म्हणजे गुलाबी बोंडअळी लागून न उमललेली फुलं, दिसल्या म्हणून गेलो.

"भाऊ, हेच मारा, अन् यासंग एक टॉनिक अन् एक बुरशीचं घ्या. एकाच पंपात होऊन जाते."

"अजी, हे आधीच दोन औषधांचं आहे ना?"

"मग काय झालं? मजुरी वाचते ना बाप्पा!"

मजुरी वाचते हे खरंच, औषधापेक्षा फवारणाऱ्याचा रोज जड जातो. टॉनिक घेतलं नाही, पण बाटली घेतली. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीला वरून मारलेलं काहीही लागत नाही, तिनं आपलं काम चालू ठेवलं. उलट किडी खाणारे ढालकिडे आणि कोळी पंधरा दिवसांत दिसेनासे झाले आणि पांढरी माशी उसळली. पानं चिकट, वर काळी बुरशी. मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावून सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन रात्री आले की फवारा, हा सल्ला केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा, आणि ती संस्था आपल्याच नागपुरात वर्धा रोडवर. मी सापळे लावले ते दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे वरात गेल्यावर घोडं.

त्याच फवारणीत दुपारी वारा फिरला आणि माझ्या गालांना झिणझिण्या सुरू झाल्या. मिरची चोळल्यासारखी आग, पाणी मारलं की आणखी भडकायची. लॅम्बडाच्या कुळातल्या औषधांचं हे ठरलेलं लक्षण. साबणानं धुऊन खोबरेल लावलं, रात्री उशिरा शांत झालं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हापासून आमच्या घरी मास्क, हातमोजे, चष्मा ठेवलेले आहेत. त्या दिवशी उकाड्यानं मास्क गळ्यात लटकवला होता. बायकोनं दोन दिवस ऐकवलं. एक लक्षात ठेवा, ऑर्गनोफॉस्फेट या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेवर अॅट्रोपिन देतात, या बाटलीतल्या दोन्ही औषधांवर तसा नेमका उतारा नाही. दवाखान्यात जायची वेळ आली तर बाटली सोबत न्या, डॉक्टरला नाव कळायला हवं.

नोव्हेंबरात तूर फुलोऱ्यावर आली, मधमाश्यांची गर्दी होती. त्यांना ही दोन्ही औषधं घातक, म्हणून तिथे बाटली उघडलीच नाही, निंबोळी अर्कावर भागवलं.

अर्धी बाटली उरली आहे. मुदत तपासून कुलपात ठेवली, चावी बाबांकडे. पुढच्या जुलैत सोयाबीनला खाप दिसली तर तिथे एकदाच निघेल. पऱ्हाटीसाठी सापळ्यांचे ल्यूर (आत लावायचं वासाचं आमिष) मात्र पेरणीच्या सामानाबरोबरच आणायचे आहेत.