कॅलिबर : चुकून सुटलेली गोळी, मुद्दाम लोटलेली माती

मॅट पामर यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘कॅलिबर’ 2018 साली नेटफ्लिक्सवर आला. पावणेदोन तासही नाहीत. फौजदारी वकिली करणाऱ्यांनी तो पाहावा असं मला मनापासून वाटतं, आणि ज्यांनी कोर्टाची पायरी चढलेली नाही त्यांनी तर नक्कीच.

वॉन आणि मार्कस हे जुने मित्र हरणाच्या शिकारीसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात जातात. वॉनची होणारी बायको गरोदर आहे. आदल्या रात्री भरपूर दारू झालेली. सकाळी रानात वॉन नेम धरतो, हरीण हलतं आणि गोळी मागे असलेल्या लहान मुलाला लागते. पाठोपाठ मुलाचा बाप येतो, आणि त्याला मार्कस मारतो. पहिला अपघात, दुसरा नाही. पुढचा सगळा सिनेमा या दोहोंमधल्या फटीत घडतो.

मी किनवटला वकिली करते. इथे रान गावाला लागूनच. रानडुकरं एका रात्रीत मका, हरभरा उलथून टाकतात, म्हणून कुणीतरी बांधावरच्या तारेत करंट सोडतं आणि डुकराऐवजी शेजारचा माणूस चिकटतो. पोलिसांनी सदोष मनुष्यवध लावला नाही, तर हा निष्काळजीपणाने झालेला मृत्यू: पूर्वीचं 304 अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106. पण तार गुंडाळून ठेवली, प्रेत ओढत दुसऱ्याच्या विहिरीत टाकलं, की पुरावा नाहीसा केल्याचं 238 येऊन बसतं, आणि मग मूळचा अपघातही कुणाला खरा वाटत नाही. असा आरोपी समोर बसला की एकच वाक्य बोलतो, ‘भेलो होतो, बाई.’ पामर यांनी हे भिणं जितकं बारकाईने दाखवलंय तितकं मी दुसऱ्या कुठल्या थरारपटात पाहिलेलं नाही.

जॅक लोडनने वॉन केलाय. या कामासाठी त्याला बाफ्टा स्कॉटलंडचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो रास्तच आहे. गावचा कर्ताधर्ता लोगन (टोनी करन) त्यांच्याशी आपुलकीने वागतो, गाव ओस पडत चाललंय, पैसा लागतोय असं सांगतो. मार्कस भांडवलदाराच्या रुबाबात ऐकतो. नजर कुठे ठेवावी हे वॉनला कळत नाही. त्या बैठकीत बंदूक नाही, धमकी नाही, तरी मला बसवेना. मार्टिन मॅककॅनचा मार्कसही तोडीस तोड आहे: ‘मी बघतो सगळं’ म्हणणारा असा मित्र प्रत्येक गुन्ह्यात एक तरी असतो, आणि बुडवतो तोच.

आणखी एक गोष्ट आवडली. गावकरी रानटी दाखवलेले नाहीत. त्यांच्या माणसांचा पत्ता नाही, म्हणून ते शोधतात. आपल्याकडेही अख्खं गाव बॅटऱ्या घेऊन निघालं असतं. बायकांच्या भूमिका मात्र फारच तुटपुंज्या. वॉनच्या होणाऱ्या बायकोला आणखी जागा मिळायला हवी होती, कारण तो जे काही लपवतो ते तिच्या आणि पोटातल्या बाळाच्या नावाने.

शेवट सांगणार नाही. गाव पोलिसांना न बोलावता स्वतःच निवाडा करतं, एवढंच. वकील म्हणून मला तो कदापि मान्य नाही, पण त्या मुलाच्या घरच्यांच्या जागी बसून पाहिलं तेव्हा मी गप्प झाले.

स्कॉटिश उच्चार कानाला जड जातात, सबटायटल लावाच. आणि लेकरांना सोबत बसवू नका, मुलाला गोळी लागते तो प्रसंग काहीही आडपडदा न ठेवता दाखवलाय.